घरची बाग : वऱ्हाडच्या उन्हांत नेचा

गेल्या वैशाखांत आमच्या घरचा एक नेचा मरतां मरतां वांचला. तो कुटुंबाच्या हातचा. ती जाऊन आतां चार वर्षें झालीं. जात नेफ्रोलेपिस, पानें माशाच्या कांट्यासारखीं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागांत हा रानांत वाढतो. बाजारांत विलायती म्हणून विकतात, परंतु आपल्या देशाच्या डोंगरांतहि तो मूळचाच आहे.

तिनें ती कुंडी वर्षानुवर्षें मोरीजवळ, उत्तरेच्या भिंतीशीं ठेविली होती. मीं ममतेनें ती बैठकींत, पश्चिमेच्या खिडकींत आणिली व दोन्ही वेळां पाणी घालूं लागलों. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मीं पाणी वाढविलें. मुळें कुजूं लागलीं. अकोल्याहून आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, आईनें दिलेली जागा तुम्हीं कां हो मोडलीत?"

तिचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. अमरावती-अकोल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तरी सावलींतल्या नेच्यास खरा घात होतो तो कोरड्या वाऱ्याचा. मुळें पुरवितील त्याहून अधिक ओल तो पानांतून ओढून घेतो. मुळाशीं चिखल केल्यानें ती तूट भरत नाहीं. उलट मुळांचा श्वास कोंडतो. नेच्याचा जन्महि ओलीवांचून नाहीं. त्यास फूल नाहीं, बीं नाहीं. पानामागील ठिपक्यांतून धूळ गळते, ती रुजून हिरवा पापुद्रा होतो, आणि त्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच पुढील रोप जन्मतें. म्हणूनच सुमारें १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास पावसाळ्यांत दरडी नेच्यांनीं झांकतात. तेथून मात्र रोपें उपटून आणूं नयेत. लगतचें मेळघाटचें रान १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि डोंगराचें रोप आपल्या अंगणांत सहसा जगतहि नाहीं.

तेव्हां कुंडी उत्तरेच्या भिंतीशीं, मोरीजवळ अथवा माठाशेजारीं ठेवावी. कूलरची खोलीहि चालेल, पण झोतांत नको. माती, जाडी वाळू व कुजलेला पालापाचोळा समभाग घ्यावा. खालीं ताटलींत खडे व पाणी असावें. कुंडीचा तळ पाण्यास लागूं नये. वरची माती बोटास कोरडी लागली म्हणजेच पाणी घालावें. नळ दिवसाआड येत असेल तर तांदुळाचें धुवण घालावें. या जातीच्या मुळांवर लहान गांठी असतात, त्यांत पाणी सांठतें. म्हणून पानें वाळलीं तरी कुंडी टाकून देऊं नये.

सुनेनें कुंडी पुन्हां मोरीजवळ नेली. आषाढांत गुंडाळलेलीं कोंवळीं पानें वर आलीं. श्रावणांत एक फुटवा मुलीबरोबर अकोल्यास पाठविला. कोठें ठेवावा, हें तिला सांगावें लागलें नाहीं.