पोटाचं बघायचं की पाखरांचं?

"सिस्टर, पोटाचं बघायचं की पाखरांचं?" विहारातल्या बैठकीत मी सहलीचा विषय काढला तेव्हा एका मावशीने असं विचारलं. प्रश्न रास्तच होता. तरी डिसेंबरात आम्ही अकरा जणी नगरहून एसटीने प्रवरासंगमला गेलो. २०२३ पासून बायांना एसटीचं तिकीट अर्धं आहे आणि भाकरी घरचीच होती.

जायकवाडीच्या नाथसागराचं पाणी इथवर पसरतं. १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य झाला. शेवगाव-नेवाशाकडचा काठ आपल्याच जिल्ह्यातला, पण अकरांपैकी नऊ जणींनी तो पहिल्यांदाच पाहिला. नारिंगी चक्रवाकांच्या जोड्या दिसल्या. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब दिसले. हे पक्षी हिवाळ्यात तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. दुर्बीण एकच होती आणि पोटाचं विचारणारी मावशी ती सोडेना.

मावशीला सहा वर्षांपासून साखर आहे. "चालत जा" असं डॉक्टर सांगतात, पण जायचं कुठे? वस्तीत गटार, कुत्री. आणि बाई नुसती चालायला निघाली की लोक म्हणतात, हिला काम नाही. "धुणीभांडी करते, तेच माझं चालणं," असं ती म्हणायची. कामाने अंग हलतं हे खरं, पण डोक्यावरचं ओझं उतरत नाही. त्या दिवशी ती दोन तास चालली आणि पाय दुखल्याचं एकदाही बोलली नाही.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं, जरा दमात चालण्याइतका व्यायाम सांगते. एका सहलीने साखर उतरत नाही. पण चालण्याची लाज जाते, सोबत मिळते. परतल्यावर आमच्यातल्या पाच जणी रोज सकाळी एकत्र चालतात. म्हणून माझं मत आहे की महिला मंडळाने बीपी तपासणीच्या शिबिरासारखीच वर्षातून एक अशी सहल ठरवावी. १४ एप्रिलची वर्गणी काढतो, तशी थोडी याचीही काढावी.

जाताना एवढं पाळा. साखर असलेल्यांनी नाश्ता आणि गोळी चुकवू नये. खडीसाखर जवळ ठेवावी. चिखलात अनवाणी उतरू नये, घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत. पाणी घरून न्यावं. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, पोरांना लावू देऊ नये. वनखात्याला किंवा जनावरांच्या दवाखान्यात कळवावं. मोबाईलवर गाणी लावू नयेत. घाबरून उडालेल्या पाखराची ताकद वाया जाते, आणि त्याला परतीचाही प्रवास करायचा असतो.

पाखरं फेब्रुवारीपर्यंत तरी असतात. पुढच्या बैठकीत तारीख ठरवू. मावशीने आपलं नाव आधीच लिहून ठेवलंय.