कावीळ उतरली, शस्त्रक्रिया लांबली

स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील कर्करोग पुष्कळदा काविळीच्या रूपानेच प्रथम प्रकट होतो. गाठ पित्तनलिकेचे खालचे टोक दाबते, पित्त आतड्यात उतरत नाही आणि रक्तातील बिलिरुबिन वाढत जाते. देशातील अनेक रुग्णालयांत पुढचे पाऊल जणू ठरलेलेच असते: एंडोस्कोपीने नलिकेत स्टेंट बसवायचा, कावीळ उतरवायची, शस्त्रक्रियेचे नंतर पाहायचे. नातेवाइकांनाही हायसे वाटते. डोळ्यांचा पिवळेपणा ओसरताना दिसतो. गाठ दिसत नाही.

या रिवाजामागील तर्क जुना आहे. काविळीत रक्त नीट गोठत नाही, यकृत थकते, म्हणून आधी पित्ताला वाट द्यावी. व्हिपल यांनी १९३५ साली वर्णिलेली शस्त्रक्रियाही दोन टप्प्यांची होती आणि पहिला टप्पा पित्ताचा मार्ग वळवण्याचाच होता. परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीने हा तर्क कसोटीला लावला. २०२ रुग्णांपैकी एका गटावर आठवडाभरात शस्त्रक्रिया करायची, दुसऱ्या गटाला आधी स्टेंट आणि चार ते सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया, अशी ती योजना होती. गंभीर गुंतागुंत पहिल्या गटात ३९ टक्के रुग्णांत झाली, दुसऱ्यात ७४ टक्के. यात गूढ काही नाही. पित्त एरवी जवळजवळ निर्जंतुक असते. नलिकेचे मुख राखणारी झडप स्टेंटमुळे सताड उघडी राहते आणि आतड्यातील जंतू वर चढतात. स्टेंट तुंबला की हुडहुडी भरून ताप येतो. एंडोस्कोपीमुळेच कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, ती निराळीच.

ते स्टेंट प्लास्टिकचे होते, धातूचे कमी तुंबतात, हा आक्षेप खरा आहे. पण स्टेंट चांगला निघाला म्हणून तो गरजेचा ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या चाचणीत बिलिरुबिन सुमारे १५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेलेच रुग्ण होते. भारतात मंत्र आणि मुळ्यांनी कावीळ ‘उतरवण्यात’ कित्येक आठवडे घालवून रुग्ण त्याहून पिवळा होऊन येतो. अशा रुग्णाला, नलिकेत जंतुसंसर्ग झालेल्याला किंवा आधी केमोथेरपी घ्यावयाच्या रुग्णाला निचरा हवाच.

वाद आहे तो उरलेल्यांचा. त्यांना स्टेंट बसतो तो बहुधा शस्त्रक्रियेची तारीख मिळत नाही म्हणून. प्रतीक्षायादीवरचा इलाज रुग्णाच्या पोटात बसवला जातो आणि कागदावर त्याला ‘शस्त्रक्रियापूर्व तयारी’ म्हटले जाते! त्याहून वाईट म्हणजे, काही ठिकाणी स्टेंट आधी पडतो आणि सीटी स्कॅन नंतर होतो. तोवर स्टेंटची सावली आणि आलेली सूज यांमुळे गाठ रक्तवाहिन्यांना कुठवर भिडली आहे, हे सांगणे अवघड झालेले असते. गाठ काढता येईल की नाही, याचा निर्णय तर त्याच चित्रावर करायचा असतो. शल्यचिकित्सकाने रुग्ण पाहण्याआधी आणि स्कॅन होण्याआधी, जंतुसंसर्ग नसताना, नलिकेत स्टेंट का गेला, याचे लेखी कारण प्रत्येक केसपेपरवर मागितले गेले पाहिजे.