शेड दिसते, जमीन कागदात असते

हिंगणा रोडने वानाडोंगरीच्या पुढे निघालात की धुऱ्यावर लावलेल्या पाट्या दिसतात. फार्महाऊस विकणे आहे, विहीर आहे, मोठे शेड आहे. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि शहरातली माणसे इथल्या वावराकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. निवृत्ती जवळ आलेल्या घरांत बेत ठरतात: शेडमध्ये शेळ्या, बाजूला दोन खोल्या, सुट्टीत नातवंडे. बेत चांगला आहे. पण त्यात आयुष्यभराची बचत जाते, कधी घरातल्या बाईचे दागिनेही जातात. म्हणून इसार देण्याआधी काही गोष्टी पाहून घ्या.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आपण शेतकरी आहोत का? विदर्भाला लागू असलेल्या १९५८च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ८९नुसार, साधारणपणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घरात कुणाच्याच नावे सातबारा नसेल, तर आधी वकिलाकडे जा.

मग विकणाऱ्याचा सातबारा वाचा. ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिले असेल, तर हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीनही बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो. तो नुसता फेडला असे सांगून चालत नाही, कमी झाल्याची नोंद हवी.

आता शेड. शेतीच्या कामासाठी बांधलेले शेड आणि गोदाम किंवा कारखाना म्हणून वापरायचे शेड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तालुक्यातली बहुतेक गावे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात येतात. बांधकामाचा मंजूर नकाशा मागा. जमीन विकास आराखड्यात कोणत्या विभागात आहे, तेही पाहा. विजेचे मीटर कृषिपंपाचे असेल, तर त्यावर शेडमधला धंदा चालवता येत नाही. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा शेडचा पाया आणि फरशी नीट बघा. विहीर बघायची तर मे महिन्यात बघा. श्रावणात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

वावरापर्यंतचा पांदण रस्ता नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या मर्जीवर? भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. कुंपण आहे तिथेच हद्द असते, असे नाही.

सगळ्यात शेवटी जे विचारले जाते, ते खरे तर आधी विचारायला हवे. विकणाऱ्याला ही जमीन वडिलांकडून मिळाली असेल, तर त्याच्या बहिणी किती? सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे असली म्हणजे बहिणींचा हक्क संपला असे होत नाही. फेरफाराच्या नोंदीने मालकी तयार होत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. बहीण दहा वर्षांनी दावा घेऊन आली, तर आपली म्हातारपणाची जागा कोर्टात अडकते.

आणि ती आली नाही तरी? ‘बहिणींनी खुशीने सोडले’ हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येते. खुशी असेल तर त्या दुय्यम निबंधकासमोर सही करायला येतील. त्यांना बोलवायला विकणारा का-कू करत असेल, तर उत्तर मिळालेच. कुणाचा हिस्सा दाबून मिळालेल्या वावरात बांधलेल्या खोलीत आपण मुसल्ला कसा अंथरणार?

म्हणून शेड पाहून ‘पसंत आहे’ म्हणा, पण इसाराचे पैसे हातात ठेवा. फेरफार वाचून, मोजणी करून, बहिणींच्या सह्या मिळतील याची खात्री करून मगच ते द्या. या कामात महिना-दोन महिने जातील. तेवढ्यात सौदा दुसऱ्याने नेला, तर नेऊ द्या. हिंगण्याच्या रस्त्याला अजून पाट्या आहेत.