सर्किट बोर्ड घरी करा. द्रावण मात्र नालीत नको

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. अशा हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा. तांब्याचा थर असलेल्या पाटीवर मार्करने रेघा आखून ती फेरिक क्लोराईडच्या द्रावणात बुडवायची. उघडे तांबे विरघळते, रेघांखालचे उरते.

विरघळलेले तांबे मात्र नाहीसे होत नाही. 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या एकाच बाजूला तांबे असलेल्या पाटीवर साधारण 3 ग्रॅम तांबे असते. त्यातले निम्मे जरी पाण्यात गेले, तरी 1,000 लिटर पाण्यात लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम तांबे होते. दुसरा स्रोत नसेल तेव्हाही पिण्याच्या पाण्यात याहून जास्त तांबे भारतीय मानकाला चालत नाही.

म्हणून शिकण्यासाठी एखादा बोर्ड घरी करा. तोही हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत. वापरलेले द्रावण नालीत किंवा आडाजवळ ओतू नका. नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत, लहान मुलांपासून दूर ठेवा आणि विल्हेवाटीसाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विचारा. एकसारखे दहा बोर्ड हवे असतील, तर सरळ कारखान्यातून मागवा. काही दिवस थांबावे लागेल. पण तिथे सांडपाण्यावर प्रक्रिया करणे कायद्याने बंधनकारक असते. घरच्या टबावर लक्ष ठेवायला आपल्याशिवाय कोणी नसते.