मशीन थकत नाही, हप्ता थकतो

नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान, तापी खोऱ्यातल्या रेल्वेमार्गावर खांडबारा नावाचे एक स्टेशन आहे. नवापूरचे स्टेशन अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात असल्यामुळे त्याचे फोटो अधूनमधून छापून येतात. खांडबाऱ्याच्या वाट्याला तेवढेही कौतुक आलेले नाही. बँकेतल्या नोकरीची सुरुवातीची काही वर्षे मी या भागात काढली. तेव्हा हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी, तोवर माझ्या दोन-तीन बदल्या होऊन गेल्या होत्या.

त्या दिवसांतले एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या शाखेसमोर एका व्यापाऱ्याच्या घराचा स्लॅब टाकायचा होता. उजाडताच मिक्सर घरघरू लागला. खालपासून वरपर्यंत फळ्यांचा उतार बांधलेला, आणि त्यावर आसपासच्या पाड्यांवरून आलेली चाळीसेक माणसे रांगेत उभी. निम्म्याहून अधिक बाया. घमेले हातातून हातात वर जात होते आणि रिकामे होऊन खाली येत होते. दुपारी जेवणाची सुटीसुद्धा पाळीपाळीने, कारण स्लॅबचे काम मध्येच थांबवता येत नाही. सिमेंटला पाणी लागले की त्याचे घड्याळ सुरू होते. अर्ध्या तासानंतर ते केव्हाही आळायला लागेल या हिशेबानेच पुढचे घमेले पडावे लागते. नाही तर कच्चा जोड राहतो आणि दोन पावसाळ्यांनी तिथूनच छत गळू लागते. संध्याकाळी काम संपले तेव्हा मालकाने सगळ्यांना पोटभर जेवण घातले. रांगेच्या टोकाला उभा राहून ओरडणारा जो तरुण मुकादम होता, तो या लेखाचा नायक. त्याचे नाव सांगत नाही. सांगण्याचा मला अधिकार नाही.

पंचवीसएक वर्षांनी, २०१२-१३ च्या सुमारास, मी जिल्ह्यात परत आलो तेव्हा हाच मुकादम ठेकेदार झालेला होता. केस पिकले होते, खिशाला दोन पेन होते, आणि हातात काँक्रीट पंपाचे कोटेशन होते. स्वतःचा पंप घ्यायचा, कर्ज हवे. मी विचारले, ‘‘अहो, इतकी माणसे हाताशी असताना पंप कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, माणसं आता सुरतेला जातात, ऊसतोडीला जातात. स्लॅबच्या दिवशी चाळीस माणसं जमवायची म्हणजे आठ दिवस पाड्यापाड्यानं फिरावं लागतं. आणि माणूस थकतो. मशीन थकत नाही.’’

मी प्रकरणाची शिफारस केली. पुढे काय झाले ते सांगण्याआधी या यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण रविवारी सकाळी चहा घेताना हा लेख वाचणाऱ्या घराघरातल्या मंडळींनी उंच इमारतीच्या अंगाला लागलेला तो लोखंडी नळ पाहिलेला असला, तरी तो कोणाच्या पैशावर उभा असतो याचा विचार सहसा केलेला नसतो.

काँक्रीट पंपाचे तत्त्व आपल्या पिचकारीसारखेच. खाली एक मोठा हौद, त्यात कालवलेले काँक्रीट ओतायचे. दोन दट्टे आळीपाळीने मागेपुढे होतात. एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो, आणि काँक्रीट नळीतून वर जाते. १९२७ साली जर्मनीत दोन अभियंत्यांनी असा पंप चालवून दाखवला. २००८ मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाचे काँक्रीट ६०६ मीटर उंच चढवले गेले तेही याच जातीच्या यंत्राने. आता हे पंप गोव्यात वेर्ण्याला आणि चेन्नईजवळही तयार होतात. म्हणजे यंत्र परके राहिलेले नाही. त्याचा हिशेब मात्र आपल्या खेड्यापाड्यांना अजून परकाच आहे.

तो हिशेब इथे मांडतो. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण धरताना फार हात सैल सोडलेला नाही. पंपाची किंमत तीस लाख धरू. सहा लाख ठेकेदाराचे, चोवीस लाख बँकेचे. व्याज बारा टक्के, मुदत पाच वर्षे. दरमहा हप्ता पडतो सुमारे ५३,४०० रुपये. आता कमाई. पंपाचे भाडे घनमीटरला अडीचशे रुपये धरले, तर नुसत्या हप्त्यापुरते दरमहा २१४ घनमीटर काँक्रीट चढवावे लागेल. दीड हजार चौरस फुटांच्या घराचा पाच इंची स्लॅब म्हणजे जेमतेम साडेसतरा-अठरा घनमीटर. म्हणजे महिन्याला असे बारा स्लॅब फक्त बँकेसाठी. डिझेल, ऑपरेटरचा पगार, झिजणाऱ्या नळ्या आणि घरातली चूल यांच्यासाठी तेरावा, चौदावा, पंधरावा. खांडबाऱ्याच्या पंचक्रोशीत महिन्याला बारा स्लॅब पडतात का? आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत किती पडतात?

गंमत अशी, की पंप ताशी तीस घनमीटर काँक्रीट वाहू शकत असेल, तर हे २१४ घनमीटर म्हणजे त्याचे सात-आठ तासांचे काम. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या कामावर तो एका दिवसात महिन्याचा हप्ता फेडील. तेच यंत्र, तीच किंमत, तेच व्याज. पण एका ठिकाणी ते सोन्याचे अंडे देते आणि दुसऱ्या ठिकाणी ताडपत्रीखाली उभे राहून व्याज खाते. कर्ज यंत्राला द्यायचे नसते, यंत्राला मिळणाऱ्या कामाला द्यायचे असते, हे साधे तत्त्व त्या प्रकरणावर सही करताना माझ्याही ध्यानात राहिले नाही.

आमची पिढी बँकेत आली ती राष्ट्रीयीकरणाच्या वाऱ्यावर. १९६९ साली चौदा आणि १९८० साली सहा बँका सरकारच्या झाल्या. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांना कर्जे दिली. म्हैस पाहायला गेले की एकच म्हैस तीन गोठ्यांत भेटायची, हा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा आवडता विनोद. पण त्यातून एक खोड लागली. तारण डोळ्यांनी पाहायचे, त्याला हात लावायचा, आणि ते आहे म्हणजे कर्ज सुरक्षित आहे असे समजायचे. नजरगहाण हा शब्दच पाहा. वस्तू कर्जदाराकडे, नजर आमची. ही नजर वस्तूवर खिळून राहते आणि वस्तूच्या पाठीमागे काय चालले आहे ते तिला दिसत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये याच नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तारण एका आठवड्यात नाहीसे होऊ शकते, हा धडा तेव्हा सगळ्यांना मिळाला. पंप मरत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पंप मरत नसला तरी उपाशी राहतो, हे कळायला वेळ लागला.

आमच्या ठेकेदाराचे पहिले वर्ष झकास गेले. दुसऱ्या वर्षी त्याला एका सरकारी इमारतीचे काम मिळाले. कोणत्या खात्याचे ते महत्त्वाचे नाही. पंप खूप चालला, स्लॅब वेळेवर झाले, मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या आणि बिल अडकले. निधी आलेला नाही. निधी आला तर साहेबांची बदली झालेली. नवे साहेब आले तर मार्चअखेर. सिमेंटवाला थांबला नाही, सळईवाला थांबला नाही, मजुरांना तर आठवड्याच्या बाजाराला पैसे हवेतच. मग ठेकेदाराने बाहेरून दरमहा दोन टक्क्यांनी पैसे उचलले. वीस लाखांचे बिल आठ महिने अडकले, तर या दराने व्याज होते तीन लाख वीस हजार. पंपाचे बरोबर सहा हप्ते. म्हणजे खात्याने ठेकेदाराचे पैसे वापरले आणि त्याचे व्याज ठेकेदाराने सावकाराला भरले.

इकडे आमचेही घड्याळ चालू होते. २००४ पासून नियम असा, की हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक. नियम चांगलाच आहे. त्यापूर्वीच्या ढिलाईने बँकांचे काय झाले ते मी आतून पाहिले आहे. पण एका हाताला नव्वद दिवसांचे घड्याळ आणि दुसऱ्या हाताला आठ-आठ महिन्यांचे बिल, यांच्यामध्ये सापडलेल्या माणसाने करायचे काय? त्याच्याकडे नोटिसा गेल्या, त्यांतल्या एकीवर सही माझी होती. तो माझ्याकडे आला तेव्हा मीच त्याला म्हणालो, ‘‘मशीन थकत नाही म्हणाला होतात ना? हप्ता थकतो.’’ बोलताना ते वाक्य मला चटकदार वाटले होते. आज त्याची लाज वाटते.

पंप ओढून नेला गेला आणि निम्म्याहून कमी किमतीला विकला गेला. उरलेल्या बाकीसाठी राहते घर गहाण पडले. बिल आले, पण त्यानंतर चार महिन्यांनी.

हा एका माणसाचा दुर्दैवी किस्सा असता तर मी रविवारची ही जागा अडवली नसती. २०२५ मध्ये राज्यभरातल्या सरकारी कंत्राटदारांच्या संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या, हे आपण वाचले आहे. ठेकेदार म्हटले की आपल्या मनात जे चित्र उभे राहते त्याला सहानुभूती मिळत नाही. खड्ड्यांचे रस्ते आणि गळकी छते पाहून ती मिळू नये यातही नवल नाही. पण मोठा ठेकेदार तगून राहतो; बुडतो तो पोटठेकेदार, जो कालपरवापर्यंत घमेले वाहत होता. आणि धनको तरी कुठे सुरक्षित आहे? बांधकाम यंत्रांना कर्जे देणारी कोलकात्याची श्रेई ही या क्षेत्रातली मोठी कंपनी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्या दोन्ही कंपन्यांची संचालक मंडळे बरखास्त केली आणि प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. घेणारा बुडतो तसा देणाराही बुडतो, आणि देणाऱ्याच्या मागे बँकांतल्या आपल्याच ठेवी असतात.

मग पंप घ्यायचाच नाही का? तसेही मला म्हणायचे नाही. डोक्यावर घमेले घेऊन फळ्यांच्या उतारावर चढणाऱ्या बायांचे कष्ट पाहिलेल्या माणसाने यंत्राच्या विरोधात बोलू नये. मात्र त्या चाळीस जणांची मजुरी आता कुठे जाते, हाही प्रश्न टाळू नये. ती डिझेलमध्ये आणि हप्त्यात जाते. त्या बाया सुरतेच्या गाडीत बसतात, किंवा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. उचल हेही कर्जच, फक्त त्याला कागद नसतो आणि तारण म्हणून माणूसच असतो. पंपाला कर्ज देताना त्याच पाड्यातल्या दोन पोरांना ऑपरेटर, मेकॅनिक म्हणून शिकवण्याची अट का असू नये?

माझ्या मते करण्यासारख्या गोष्टी चार आहेत. पहिली, छोट्या गावात पंप एकट्याने घेऊ नये. चार ठेकेदारांनी मिळून घ्यावा, नाही तर भाड्याने आणावा. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे शिकवायला नको. दुसरी, बँकेने कोटेशनबरोबर हातातल्या कामांचे आदेश पाहावेत आणि शक्य तिथे बिल थेट कर्जखात्यात जमा होण्याची व्यवस्था खात्याकडून लिहून घ्यावी. तिसरी, पीककर्जाची परतफेड जशी हंगामाशी बांधलेली असते तसा हप्ता बांधकामाच्या हंगामाशी बांधावा, पावसाळ्यात हलका आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात जड. चौथी गोष्ट सरकारची आहे. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. बांधकामाच्या ठेक्यांना तो लागू होतो की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. तो वाद कायद्यातच मिटवून टाकावा. आणि निधी हातात नसताना कामाचे आदेश काढू नयेत. घरात पीठ नसताना पंगतीला आमंत्रण देणाऱ्याला आपण काय म्हणतो?

गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्ताने मी खांडबाऱ्याला गेलो होतो. गावात एका घराचा स्लॅब चालू होता, पंपाने. काम पाहत उभा असलेला तरुण आमच्या ठेकेदाराचा मुलगा निघाला. घर सुटले होते, वडील मात्र राहिले नव्हते. पंप कोणाचा, म्हणून मी भीतभीतच विचारले.

‘‘भाड्याचा आहे काका,’’ तो म्हणाला. ‘‘स्लॅब असेल त्या दिवशी बोलावतो. संध्याकाळी पैसे देतो, मशीन निघून जाते.’’

मी थोडा वेळ तिथे थांबलो. नळीच्या तोंडाशी दोघे जण होते, खाली हौदाशी तिघे. फळ्यांचा उतार नव्हता आणि रांगही नव्हती. दुपारी त्या पोराने सगळ्यांबरोबर मलाही जेवायला बसवले. त्याच्या वडिलांच्या कागदांवर माझी सही होती, हे त्याला ठाऊक होते की नाही, ते मी विचारले नाही.