गवताचे मशीन ठेवण्यापूर्वी

दिवाळीच्या सुमारास कोकणात आंबा-काजूच्या बागांतले गवत कापून होते आणि पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर पडवीच्या कोपऱ्यात जातो. तो बाहेर निघतो थेट पुढच्या पावसात. तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, पण मशीन काही सुरू होत नाही. घरचे पुरुष मुंबईत किंवा आखातात असले की मेकॅनिककडची धावपळ अम्मी, नाहीतर दादीच्या वाट्याला येते. यातला बराचसा त्रास आजच्या अर्ध्या तासात टाळता येतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

दोष बहुतेक वेळा टाकीत उरलेल्या पेट्रोलचा असतो. ते शिळे होऊन चिकट होते आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवते. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावाही ओढून घेते. म्हणून इंजिन थंड असताना, उघड्या अंगणात टाकी रिकामी करावी. मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो.

इंजिन निवल्यावर प्लग काढावा, त्या छिद्रात थोडे इंजिन ऑइल सोडावे, दोरी दोन-तीनदा हळूच ओढावी आणि प्लग परत बसवावा. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर जुने ऑइलही बदलावे. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. पाते काढून चिखल खरवडावा आणि तेलाचा हात फिरवावा. खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत मुळीच भरू नका. तहानलेले मूल बाटली पाहते, आतला वास नाही. चुकून कोणी प्यायलेच तर उलटी करवू नका, तातडीने दवाखाना गाठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत पोहोचते. म्हणून झाकणाचा पक्का डबा घ्या आणि तो स्वयंपाकघरापासून लांब, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. ऑइल मिसळलेले पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालू नका, विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. शेवटच्या कापणीला लागेल तेवढेच मिसळले, तर उरण्याचा प्रश्नच येत नाही.

मशीन शेजाऱ्याचे मागून आणले असेल तर ती अमानत आहे. परत देण्यापूर्वी एवढी सफाई करूनच द्यावी.

शेवटी एक चिठ्ठी हँडलला बांधा: ‘टाकी रिकामी आहे. ताजे पेट्रोल भरा.’ टू-स्ट्रोक असेल तर ‘ऑइल मिसळून’ हेही लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. घरात जो मशीन चालवणार, त्याला वाचता आले पाहिजे.