आधी मोठ्यांनी फोन खाली ठेवावा

आमच्याकडे जळगावात दर दोन-तीन जुम्यांनी बयानात मोबाईलचा विषय निघतोच. पोरं बिघडली, दीन-दुनिया दोन्ही गेली, आई-बापांनी फोन काढून घ्यावेत. सगळे माना हलवतात. नमाज संपली की त्याच माना मशिदीच्या पायऱ्यांवर स्क्रीनमध्ये खुपसलेल्या! मला या ढोंगाचा वीट आला आहे.

मुलांच्या हातात फोन दिला कोणी? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळांनीच सांगितलं, फोन घ्या, नाहीतर अभ्यास बुडेल. कुणी उसने पैसे घेतले, कुणी कानातलं मोडलं. शाळा उघडल्या, पण गृहपाठ अजूनही व्हॉट्सअॅपवर येतो. धुळ्यात बाप यंत्रमागावर बारा तास उभा, अम्मी शिलाई मशीनवर, आणि एकाच खोलीत तीन वर्षांचं पोर. त्याला व्हिडिओ लावून दिला नाही तर हातातलं काम होत नाही. या वयाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे. बरोबरच आहे. पण ते त्या अम्मीला ऐकवण्याआधी, मोहल्ल्यात खेळायला मैदान कुठे आहे, हे नगरसेवकाला कोण विचारणार?

आणि 'फोन काढून घ्या' म्हणजे कुणाचा? भावाचा नाही, बहिणीचा. तिचा स्कॉलरशिपचा फॉर्म, नीटची लेक्चर्स, मैत्रिणी, सगळं त्याच फोनवर. भाऊ मात्र रात्री दोनपर्यंत गेम खेळतो. याला मानसिक आरोग्याची काळजी म्हणू नका. ही पहारेदारी आहे.

मोठ्यांना फोन पेलतो, हा तर सगळ्यात मोठा भ्रम. १ जुलै २०१८ ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरत होती. तो जमाव शाळकरी पोरांचा नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये जामनेर तालुक्यात आपल्यातला एक तरुण जमावाच्या मारहाणीत गेला. त्या बातम्या आणि त्यांच्याखालच्या शिव्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनीही वाचल्या. नुसते तास मोजणाऱ्यांनी सांगावं, असली दहा मिनिटं किती तासांच्या बरोबरीची धरायची? पोराची झोप उडते, ते गप्प होतं, चिडचिड करतं. घरात म्हणतात, नजर लागली, झाडफूक करून आणा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तो एकदा तरी बयानात सांगितलेला मी ऐकलेला नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने काय केलं ते बघा. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. लोक सुरुवातीला हसले, म्हणून शिक्षक आणि गावकरी घरोघर फिरले. माझ्या मते हे चाललं ते एकाच कारणाने: भोंगा मुलांसाठी वाजत नाही, घरासाठी वाजतो. सासूची मालिकाही बंद, बापाचा फोनही बंद.

आपल्याला तर वेगळा भोंगाही लागत नाही. मगरिबची अजान रोज होतेच, आणि तिथून इशापर्यंत सव्वा तासाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढा वेळ घरातले सगळे फोन एका डब्यात. इमामसाहेबांचा, ट्रस्टींचा, आणि मित्रांनो, तुमचा-माझाही. पण मग मुलं त्या वेळात जाणार कुठे? खोलीत तर बसायला जागा नाही. मशिदीचा वरचा हॉल मगरिबनंतर रिकामा असतो. ट्यूब आहेत, पंखे आहेत, चटया आहेत. मुलं-मुली दोघांनाही तिथे वही घेऊन बसता येईल. मोहल्ल्यात बी.ए., बी.एस्सी. झालेले चार-पाच जण तरी आहेतच शिकवायला. मी स्वतः आठवड्यातले तीन दिवस बसायला तयार आहे. हॉलची चावी कमिटीकडे आहे. येत्या जुम्याला मागायला जातोय, कोण कोण येतंय?